मेंढी विताना: कधी थांबायचं, कधी हात घालायचा

संध्याकाळी मेंढरं माघारी येतात तेव्हा एखादी मागं रेंगाळते. वाड्यावर आल्यावर कोपरा धरते, पुढच्या पायानं माती उकरते, बसते, उठते, मान वळवून स्वतःच्याच शेपटीकडं बघते. जाणता मेंढपाळ अशा वेळी आधी बाकीची मेंढरं तिच्यापासून बाजूला करतो. मग स्वतःही दहा पावलं लांब जाऊन बसतो. नवशिक्याला हे लांब बसणंच जड जातं. मलाही गेलं होतं. पहिल्या वर्षी मी एका मेंढीभोवती इतक्या घिरट्या घातल्या, की ती बिचारी वेणा सोडून माझ्यावरच नजर रोखून उभी राहिली. घाबरलेल्या जनावराच्या कळा मंदावतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

बहुतेक मेंढ्या आपल्या आपण वितात. पोटात हात घालून कोकरू ओढून काढण्याची वेळ क्वचितच येते. पण कोकरू बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही तास असे असतात, की तिथं माणसाच्या दहा मिनिटांनी एक जीव राहतो किंवा जातो. आपल्याकडं नेमकं उलटं होतं. विताना चार जणांची गर्दी आणि ओढाताण, आणि कोकरू जमिनीवर पडलं की ‘झालं मोकळी’ म्हणत सगळे चहाला जातात.

जुळं असेल तर ही चूक दुप्पट महाग पडते. आपली दख्खनी मेंढी एका वेताला शक्यतो एकच कोकरू देते. डोंगर-माळावर रोज मैलोनमैल चालणाऱ्या जनावराला ते एकच पेलतं, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची आपली मेंढपाळीची रीतही त्या एका कोकरावर बेतलेली आहे. पण सुंदरबनात गरोल नावाची एक बुटकी मेंढी आहे. तिला दोन-दोन, तीन-तीन कोकरं होतात, कारण तिच्या अंगात एक जनुक आहे, ज्यामुळे एका माजाला एकाहून जास्त बीजं सुटतात. १७९० च्या दशकात बंगालची मेंढरं जहाजानं ऑस्ट्रेलियात गेली, त्यांच्याबरोबर हे जनुकही गेलं, आणि तिथल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांमुळे पुढं त्याचा जगभर बोलबाला झाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९० च्या दशकात गरोल मेंढ्या आणून तेच जनुक दख्खनीत उतरवलं. त्यातून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. जुळ्यांचं प्रमाण वाढलं तसं सांभाळायचं कामही वाढलं. दोन कोकरं म्हणजे मेंढपाळाला दोन पैसे जास्त, हे खरंच. पण त्यातलं दुसरं कोकरू पहिल्या रात्रीतून पार पडलं तरच.

शेवटचे दीड महिने

मेंढी साधारण १४७ दिवस गाभण राहते, म्हणजे पाच महिन्यांना थोडे कमी. पावसाळ्याच्या तोंडाशी फळलेली मेंढी नोव्हेंबरात विते. फळल्याची तारीख कुठंतरी खडूनं का होईना, पण लिहून ठेवावी. कोकराच्या जन्माच्या वजनातलं जवळजवळ दोन तृतीयांश वजन शेवटच्या सहा आठवड्यांत भरतं. म्हणजे साडेतीन महिने पोटातलं ओझं फारसं जाणवत नाही, आणि मग एकदम दाम दुपटीनं वाढतं.

अडचण अशी, की पोटात जागा तेवढीच असते. गर्भाशय फुगलं की चाऱ्याचं पोट दबतं. भूक मोठी आणि पोट लहान. नुसत्या वाळलेल्या कडब्यावर अशी मेंढी भागवू शकत नाही, म्हणून तिला थोड्यात जास्त ताकद देणारं काहीतरी लागतं: भरडलेला मका, ज्वारी, थोडी पेंड. हे मिळालं नाही तर ती अंगातली चरबी जाळते. फार वेगानं चरबी जळली की रक्तात विषारी घटक साठतात. मेंढी कळपापासून बाजूला राहते, खात नाही, समोरचं दिसत नसल्यासारखी खांबाला धडकते, तोंडाला आंबूस-गोड वास येतो. हा जुळी वाहणाऱ्या मेंढीचा आजार आहे. ‘विण्याआधी सुस्तावली असेल’ म्हणून सोडून दिली तर दोन-चार दिवसांत आडवी होते. पहिल्या दिवशीच गुळाचं पाणी पाजावं आणि डॉक्टरला बोलवावं. आडवी झाल्यावर बोलावलेला डॉक्टर फार काही करू शकत नाही.

याच काळात, विण्याआधी तीन-चार आठवडे, आंत्रविषाराची लस मेंढीला द्यावी. लस आईला, पण फायदा कोकराला. कसा, ते पुढं येईल.

वेणा लागल्यावर

विण्याआधी कास भरते, सड ताठ होतात, शेपटीच्या दोन्ही बाजू खोल जातात, भाकळी, म्हणजे कुशीतला खळगा, बसते. वेणा सुरू झाल्या की गर्भाशयाचं तोंड उघडायला काही तास जातात. या वेळात बाहेर काही दिसत नाही, म्हणूनच माणूस अधीर होतो. तिला तिची वेळ घेऊ द्या. मग पाण्याची पिशवी दिसते, फुटते, आणि मेंढी जोर लावायला लागते. घड्याळ इथून बघायचं. नेटानं जोर लावूनही अर्ध्या तासात काहीच पुढं सरकलं नाही, तर तपासायची वेळ झाली. पहिलटकरणीला थोडा जास्त वेळ द्यावा.

सरळ येणारं कोकरू पाण्यात सूर मारणाऱ्या पोरासारखं येतं. पुढचे दोन्ही पाय पुढं, खुरांचे तळवे खाली, आणि नाक गुडघ्यांवर टेकलेलं. दोन खुरं आणि त्यांच्यावर नाकाचं टोक दिसलं की तुम्ही निवांत बसा.

तसं दिसलं नाही तर नखं कापा, अंगठी काढा, कोपरापर्यंत साबणानं हात धुवा, हातमोजा घाला आणि त्यावर भरपूर वंगण लावा. गावात जेल मिळत नसेल तर साबणाचं पाणी तरी घ्या, पण कोरडा हात कधीच नको. बोटं चोचीसारखी मिटून, मेंढी जोर लावत नसेल तेव्हा हळूच आत. आत गेल्यावर डोळे मिटले तरी चालतील. बघायचं सगळं बोटांनीच असतं.

हाताला पाय लागला, तर तो पुढचा की मागचा हे आधी ठरवायचं. खुराच्या वरचे दोन सांधे वाकवून बघा. दोन्ही एकाच बाजूला वाकले तर पाय पुढचा, एकमेकांच्या उलट वाकले तर मागचा. हे आत्ताच, उजेडात, एखाद्या जित्या कोकराच्या पायावर करून बघा. रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात शिकायची ही गोष्ट नव्हे. जुळ्यात आणखी एक घोळ असतो. हाताला लागलेले दोन पाय एकाच कोकराचे असतीलच असं नाही. प्रत्येक पायावरून हात सरकवत छातीपर्यंत जायचं आणि दोन्ही पाय एकाच छातीला जोडलेत याची खात्री करायची. ती न करता ओढलं, तर तुम्ही दोन भावंडांना एकाच दारातून एकदम ओढताय.

पाय आलेत पण डोकं मागं वळलंय, ही सगळ्यांत फसवी अवस्था. पाय हातात असतात म्हणून ओढायचा मोह होतो. ओढाल तितकं डोकं आणखी मागं जातं. कोकराला आधी आत ढकलून जागा करावी लागते, मग जबडा हातात धरून डोकं वळवून पुढं घ्यायचं. एक पाय मागं राहिला असेल तर तसंच थोडं मागं सारून, खूर मुठीत झाकून, पाय पुढं आणायचा. खूर झाकलं नाही तर गर्भाशय फाटू शकतं.

कोकरू मागच्या पायांनी येत असेल, म्हणजे तळवे आभाळाकडं आणि घोट्याचा टोकदार सांधा हाताला लागत असेल, तर त्याला उलटं करायच्या फंदात पडू नका. मागूनही ते सुखरूप येतं, पण एका अटीवर. ढुंगण बाहेर आल्यावर थांबायचं नाही. त्या क्षणी नाळ ओटीपोटाच्या हाडात चेपलेली असते, कोकरू श्वास घ्यायला बघतं आणि डोकं अजून आतच पाण्यात असतं. नुसतीच शेपटी हाताला लागली आणि पाय कुठंच नाहीत, तर ते काम अनुभवी हाताचं. तुमचा तो पहिलाच प्रसंग असेल तर सरकारचा १९६२ हा पशुवैद्यकीय क्रमांक फिरवा.

ओढायचंच झालं तर मेंढीच्या कळेबरोबर, आणि सरळ मागं नव्हे तर खाली, तिच्या खुरांच्या दिशेनं. ती थांबली की तुम्हीही थांबा. वीस मिनिटं खटपट करून काही हललं नाही, तर थांबून मदत बोलवा. जोर वाढवून ते सुटत नाही.

हातमोज्यावर मी एवढा जोर का देतो, तेही सांगतो. मेंढीच्या गर्भपाताला कारण होणारे कित्येक जंतू वारेत आणि पाण्यात असतात, आणि ते माणसालाही लागतात. संसर्गजन्य गर्भपाताचा ब्रुसेल्ला हा जंतू त्यातलाच. गरोदर बाईनं वेणाऱ्या मेंढीजवळ, तिच्या वारेजवळ किंवा ओल्या कोकराजवळ जाऊच नये. आपल्या वाड्यांवर कोकरांचं सगळं बायकाच बघतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

कोकरू जमिनीवर पडल्यावर

नाका-तोंडावरचा चिकट पडदा बोटानं काढा. श्वास घेत नसेल तर वाळक्या गवताची काडी नाकपुडीत फिरवा. शिंकलं की काम झालं. गोणपाटानं किंवा वाळक्या गवतानं छाती जोरानं चोळा. मागचे पाय धरून गरगर फिरवायची जुनी पद्धत अजून दिसते. तिनं पाणी निघण्यापेक्षा इजाच जास्त होते. श्वास सुरू झाला, की कोकरू उचलून मेंढीच्या नाकासमोर ठेवा आणि बाजूला व्हा. कोकरू कोरडं करण्यात तिची जीभ तुमच्या गोणपाटापेक्षा सरस आहे.

नाळ बहुधा आपोआप तुटते. लांब लोंबत असेल तर दोन बोटं ठेवून दोऱ्यानं बांधून कापा, आणि छोट्या वाटीत टिंक्चर आयोडीन घेऊन टोक त्यात बुडवा. नुसतं शिंपडून भागत नाही. राख, शेण, तंबाखू यांतलं काहीही लावायचं नाही. ओली नाळ म्हणजे पोटापर्यंत जाणारं उघडं दार असतं. त्यातून शिरलेले जंतू आठ-पंधरा दिवसांनी सांध्यांत उतरतात, कोकरू लंगडायला लागतं, आणि आपण म्हणतो ‘कुठंतरी पाय मुरगळला असेल’.

आता चिकाकडं, म्हणजे विल्यानंतरच्या पहिल्या घट्ट दुधाकडं येऊ.

माणसाच्या बाळाला आईकडून रोगप्रतिकारक द्रव्यं पोटात असतानाच मिळतात. मेंढीची वार तशी नाही. ती ही द्रव्यं पलीकडं जाऊ देत नाही. म्हणून कोकरू जन्मतं ते रोगांपुढं अगदी उघडं. त्याची सगळी ढाल आईच्या चिकात असते. विण्याआधी मेंढीला दिलेली लस कोकराला मिळते ती याच वाटेनं. आणि ही वाट फार थोडा वेळ उघडी असते. कोकराचं आतडं जन्मल्यावर काही तास ही मोठाली द्रव्यं अख्खीच्या अख्खी रक्तात घेतं, पण तासागणिक हे दार मिटत जातं आणि २४ तासांत बंद होतं. म्हणून पहिला चीक दोन तासांच्या आत पोटात गेला पाहिजे, काहीही झालं तरी सहा तासांच्या आत.

किती? किलोमागं ५० मिली एका वेळेला, आणि पहिल्या दिवसभरात किलोमागं २०० मिली. तीन किलोचं एकटं कोकरू असेल तर दिवसाला ६०० मिली. सव्वादोन-सव्वादोन किलोची जुळी असतील तर दोघांची मिळून ९०० मिली. मेंढी तीच, कास तीच, मागणी दीडपट. मक्याचा हिशोब शेवटच्या दीड महिन्यात का मांडायचा, ते इथं कळतं.

प्रत्येक सडाच्या टोकाला मेणासारखा बूच असतो. विल्यावर आधी दोन-दोन धारा पिळून तो काढा, नाहीतर कोकरू चोखत राहतं आणि हाती काहीच लागत नाही. पिण्यासाठी कोकराचं तोंड सडाला लावून द्या, शेपटीच्या बुडाशी खाजवा, आई चाटते तसं. शेपटी फिरायला लागली की समजा दूध उतरतंय. चीक कमी पडला तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा किंवा शेळीचा द्यावा. शहाणा मेंढपाळ एखाद्या भरल्या कासेच्या मेंढीचा चीक बर्फाच्या पेटीत छोट्या बाटल्यांत गोठवून ठेवतो. तो वापरताना मात्र बाटली कोमट पाण्यात ठेवूनच वितळवायची. चीक चुलीवर तापवला की काय होतं, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. खरवस होतो. वड्या पडतात त्या चिकातल्या प्रथिनांच्याच, आणि कोकराला हवी असलेली ढालही त्याच प्रथिनांची. आपल्याला खरवस गोड लागतो, पण कोकराच्या दृष्टीनं तो वाया गेलेला चीक आहे.

गार पडलेलं कोकरू

कोकराच्या अंगात, मूत्रपिंडांभोवती, तपकिरी चरबीचा छोटा साठा असतो. ती न थरथरता जळते आणि ऊब देते. पण उपाशी कोकराचा हा साठा पाचेक तासांत संपतो. नोव्हेंबर-डिसेंबरची रात्र, ओलं अंग, रिकामं पोट. सकाळी मेलेलं सापडणारं कोकरू बहुधा या तिन्हीनं गेलेलं असतं, आणि बहुधा ते जुळ्यातलं धाकटं असतं. आई पहिल्याला चाटत राहिली, तेवढ्यात दुसरं पडलं, आणि ते ओलंच राहिलं.

तोंडात बोट घालून बघा. तोंड गरम आणि बोट चोखलं तर काळजी नाही. तोंड गार लागलं तर थर्मामीटर लावा. १०२ ते १०४ फॅरनहाइट ठीक. १०२ च्या खाली आलं तर कोरडं करा, घोंगडीत गुंडाळा, चीक पाजा. ९९ च्या खाली गेलं असेल तर त्याचं वय विचारात घ्यावं लागतं, आणि इथं भल्याभल्यांची चूक होते. नुकतंच जन्मलेलं असेल तर आधी ऊब, मग चीक. पण सहा-आठ तासांचं उपाशी कोकरू असेल आणि तुम्ही त्याला थेट शेकोटीजवळ नेलं, तर ते झटके येऊन मरू शकतं. शरीर तापलं की इंधन मागतं, आणि रक्तात साखर शिल्लकच नसते. अशा कोकराला डॉक्टर आधी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन देतात, मग ऊब देतात. आणि मान धरता येत नसलेल्या कोकराच्या तोंडात बाटलीनं काहीही ओतायचं नाही. ते पोटात न जाता फुप्फुसात जातं.

ऊब द्यायला गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवल्या तरी पुरतं. गवतावर लोंबता बल्ब मला पसंत नाही. त्यानं गोठे पेटतात.

वास आणि हिशोब

विल्यानंतरचे पहिले एक-दोन तास मेंढीच्या डोक्यात कोकराचा वास कोरला जातो. ती चाटताना घशातल्या घशात जो खर्जातला आवाज काढते, तो एरवी कधी ऐकू येत नाही. या वेळात तिला व्याल्या जागेवरून हलवू नका. जुळी असतील तर दोन्ही कोकरं एकदमच तिच्या नाकासमोर असू द्या. एक कोकरू शेकायला उचलून नेलं आणि तासाभरानं शॅम्पू-साबणाच्या वासाच्या टॉवेलात परत आणलं, तर ती त्याला शिंगावर घेते. त्यात तिचा दोष नाही.

मग वाघुरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, एका कोपऱ्यात किंवा गोठ्यात, पाच-सहा फुटांच्या आडोशात आई आणि दोन्ही कोकरं एक-दोन दिवस कोंडा. तिच्यापुढं पाणी हवं. व्यालेली मेंढी किती पाणी पिते हे बघून नवखा माणूस चकित होतो. वार साधारण दोन-तीन तासांत पडते. पडली नाही तर ओढायची नाही, आणि तिला दगड किंवा चप्पल बांधायची तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत राहिली तर डॉक्टर. पडलेली वार खोल पुरा. आणि वार पडण्याआधी कासेच्या पुढं पोटाखाली हात घालून एकदा वर उचलून बघा. हाताला कठीण गोळा लागला, तर अजून एक आत आहे.

एखादीचं कोकरू मेलं आणि दुसरीकडं जुळ्यातलं एक उपाशी आहे, असा योग कळपात येतोच. मेलेल्या कोकराची कातडी काढून उपाशी कोकराच्या अंगावर अंगरख्यासारखी चढवतात. ऐकायला भेसूर वाटतं, पण मेंढी हुंगते, आपला वास सापडतो, आणि पान्हा सोडते. दोन-तीन दिवसांनी कातडी उतरवली तरी चालतं, तोवर तिचंच दूध कोकराच्या अंगातून वासाला येत असतं.

वाटचालीत, मेंढरं कोकणात उतरत असताना, कोकरं घोड्यावर नाहीतर डालग्यात असतात आणि आया चरायला. अशा वेळी जुळ्यांच्या पाठीवर एकाच रंगाचा ठिपका द्या, आणि तोच आईच्या पाठीवर. संध्याकाळी डालगी उचलली की सगळी कोकरं एकदम सुटतात, एकच कालवा उठतो, आणि पाचेक मिनिटांत जो तो आपापल्या कासेला लागतो. तेव्हा तिथंच उभं राहा. सगळीकडं शांत झाल्यावरही जे कोकरू या आईकडून त्या आईकडं पळतंय, पाठ कमानीसारखी वाकवून उभं राहतंय, ते उचला आणि त्याच्या पोटावर हात फिरवा. पोट चपटं लागलं तर त्याचा ठिपका बघा, आणि बाटली घेऊन या.